खाली जाण्याच्या लढाईत आपल्या फुटबॉल संघासोबत कसे राहावे

आपला फुटबॉल संघ गुणतालिकेच्या तळाशी अडकला आहे आणि हंगामाचे आठ-दहाच सामने उरले आहेत, अशा वेळी पुढचे दोन महिने कसे काढावेत, हे सांगली-मिरजेकडच्या समर्थकाला सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. आपल्याकडे क्रिकेटवर बोलणारे घरोघरी आहेत, कुस्तीचे जाणकार गावोगावी आहेत, आणि फुटबॉलचे वेड पाहायचे तर पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ समोरासमोर आलेले पाहता येतात. परंतु रात्री साडेबारा वाजता मोबाइलवर इंग्लंडमधील सामना लावून बसलेला माणूस आपल्या गल्लीत बहुधा एकटाच असतो. मी अनेक वर्षे एव्हर्टन या लिव्हरपूल शहरातील जुन्या क्लबचा समर्थक आहे. २०२१-२२ आणि २०२२-२३ अशा लागोपाठ दोन हंगामांत आमचा संघ अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत खालच्या विभागात जाण्याच्या कडेवर उभा होता. त्या काळात केलेल्या चुका आणि त्यांतून हाती लागलेली रीत येथे मांडतो. उदाहरणे मुख्यतः प्रीमियर लीग या इंग्लंडमधील सर्वोच्च विभागातील आणि बरीचशी एव्हर्टनची आहेत. संघ दुसरा असला तरी रीत बदलत नाही.

भीती कशाची आहे, हे आधी समजून घ्यावे

आयपीएल पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला ही भीती मुळातच अपरिचित असते, कारण तेथे शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत त्याच मानाने उतरतो. युरोपातील फुटबॉलमध्ये तसे नसते. प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात, प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो, आणि हंगामाअखेर १८, १९ व २० व्या क्रमांकावरचे तीन संघ चॅम्पियनशिप या खालच्या विभागात जातात. जर्मनीच्या बुंडेसलिगात १८ संघांपैकी शेवटचे दोन थेट खाली जातात, तर सोळाव्या संघाला दुसऱ्या विभागातील तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. गुण समान झाल्यास इंग्लंडमध्ये आधी गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतील फरक, पाहतात, स्पेनमध्ये आधी त्या दोन संघांतील परस्परांचे सामने पाहतात. म्हणून आपला संघ ज्या देशातील असेल तेथील नियम मार्चमध्येच वाचून ठेवावेत. मे महिन्यात, सामना चालू असताना ते शोधत बसण्याइतके मन स्थिर राहत नाही.

खाली गेलेल्या क्लबचे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारे उत्पन्न एकदम घटते. प्रीमियर लीग अशा क्लबांना जास्तीत जास्त तीन वर्षे आधाराची रक्कम देते. तिला तिकडे पॅराशूटची रक्कम असे म्हणतात. तरीही चांगले खेळाडू विकावे लागतात, आणि कार्यालयात किंवा स्टेडियमच्या देखभालीत काम करणाऱ्या साध्या माणसांच्या नोकऱ्यांवर गदा येऊ शकते. ही गोष्ट समर्थकाने मनात पक्की धरावी, कारण पुढे खेळाडूंवर राग काढण्याची वेळ येते तेव्हा पणाला काय लागले आहे याची जाणीव असलेला माणूस अधिक जपून बोलतो.

वही घालावी आणि पातळी मोजावी

सांगलीच्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे चढते पाणी आकड्यांत पाहणे. पावसाळ्यात कृष्णा वाढू लागली की आपण आयर्विन पुलापाशी पातळी किती फूट झाली हे विचारतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. "पाणी लई वाढलंय" या बोलण्याने सूर्यवंशी प्लॉटमधील कुटुंब घर हलवत नाही, ते आकडा विचारते, आणि आकड्याबरोबर कोयनेतून किती क्युसेक सोडले आहे हेही विचारते, कारण आजची पातळी एक सांगते आणि वरून येणारे पाणी दुसरेच सांगते. गुणतालिका वाचायची ती अशीच. आजचा क्रमांक ही पुलाजवळची पातळी झाली; उरलेले सामने कोणाशी आहेत, हे कोयनेचे पाणी.

त्यासाठी साधी शंभर पानी वही घ्यावी. आपल्या संघाच्या जवळचे चार-पाच संघ निवडावेत, आणि प्रत्येकासाठी एक पान ठेवून त्यावर आजचे गुण, गोलफरक, उरलेले सामने, त्यांपैकी घरच्या मैदानावर किती आणि बाहेर किती, हे लिहावे. एखाद्या संघाचा सामना पुढे ढकलला गेला असेल तर त्याने इतरांपेक्षा कमी सामने खेळलेले असतात. ही बाब ठळक लिहावी, कारण केवळ क्रमांक पाहणारा समर्थक येथेच फसतो. प्रत्येक प्रतिस्पर्ध्यापुढे आणखी एक गोष्ट नोंदवावी: त्या संघाला अजून काही मिळवायचे आहे की नाही. विजेतेपदासाठी किंवा युरोपीय स्पर्धेतील जागेसाठी झगडणारा संघ मे महिन्यातही जिवाच्या आकांताने खेळतो; तालिकेच्या मध्यावर निवांत असलेला संघ कधी सैल पडतो, तर कधी दडपण नसल्यामुळे अधिक मोकळेपणाने खेळतो. म्हणून त्या रकान्यावरून निकाल ठरवून टाकू नये, अंदाज तेवढा बांधावा.

आता किती गुण पुरेसे होतील हा प्रश्न. इंग्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या ४० हा आकडा सांगितला जातो, म्हणजे योगायोगाने आपल्या इशारा पातळीचाच आकडा, मात्र येथे त्याच्या वर जाण्यातच सुख आहे. तो आकडा जुन्या अनुभवातून आलेला आहे. १९९७-९८ च्या हंगामात एव्हर्टन आणि बोल्टन या दोन्ही संघांचे ४० गुण झाले आणि केवळ गोलफरकाने बोल्टन खाली गेला. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅमला तर ४२ गुण मिळवूनही जागा गमवावी लागली. अलीकडे मात्र रेषा खाली सरकली आहे. २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा हंगामांत अठराव्या क्रमांकाच्या संघाचे गुण एकदाही ३७ च्या वर गेले नाहीत, आणि २०२३-२४ मध्ये ल्यूटन टाउन २६ तर २०२४-२५ मध्ये लेस्टर सिटी २५ गुणांवर त्या जागी राहिला. माझा सल्ला असा की वहीत दोन रेषा आखाव्यात: ३५ ही आशेची आणि ३८ ही निर्धास्तपणाची. एप्रिल उजाडला की पहिल्या रेषेला किती गुण कमी पडतात ते दर आठवड्याला मोजावे.

हे मोजताना प्रत्येक सामन्यापुढे विजय किंवा पराभव लिहून भविष्य ठरवण्याची चूक मी पहिल्या वर्षी केली. तीन-तीन सामन्यांचा गट करून "या तिन्हींतून चार गुण हवेत" असे लिहिणे अधिक उपयोगाचे ठरते. ८ मे २०२३ रोजी आमचा सामना ब्रायटनच्या मैदानावर होता. ब्रायटन त्या वर्षी सहावा आला, इतका तो संघ बहरात होता, आणि माझ्या वहीत त्या सामन्यापुढे शून्य लिहिलेले होते. एव्हर्टनने तो सामना ५-१ असा जिंकला. ज्या सामन्यांवर भिस्त होती त्यांत मात्र संघ अडखळला होता. गटाने मोजणाऱ्याची झोप अशा उलटसुलट निकालांनी कमी उडते.

तळाशी असलेल्या दोन संघांचा परस्परांतील सामना वहीत लाल शाईने लिहावा. इंग्लंडमध्ये त्याला सहा गुणांचा सामना म्हणतात, कारण जिंकणाऱ्याला तीन मिळतात आणि शेजाऱ्याचे तीन हुकतात. १ मे २०२३ रोजी लेस्टर आणि एव्हर्टन यांच्यात असा सामना झाला. लेस्टर २-१ ने पुढे असताना मध्यंतराच्या तोंडावर त्यांना पेनल्टी मिळाली, आणि जेम्स मॅडिसनने मारलेला चेंडू आमचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डने अडवला. सामना पुढे २-२ असा बरोबरीत सुटला. हंगाम संपला तेव्हा एव्हर्टनचे ३६ आणि लेस्टरचे ३४ गुण होते. तो सामना लेस्टरने जिंकला असता आणि बाकीचे निकाल तेच राहिले असते, तर त्यांचे ३६ आणि आमचे ३५ झाले असते, आणि अठराव्या जागेवर आम्ही असतो. मे महिन्याचा हिशेब असा एकेका बचावावर येऊन ठेपतो, म्हणून अशा सामन्याच्या रात्री दुसरे कोणतेही काम ठेवू नये.

डिसेंबरमध्ये तळाशी असलेला संघ संपला असे समजणाऱ्यांसाठी दोन नोंदी वहीच्या पहिल्या पानावर असाव्यात. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन २००४-०५ मध्ये नाताळला शेवटच्या क्रमांकावर होता आणि ३४ गुणांवर तरला. लेस्टर सिटी २०१४-१५ मध्ये नाताळला तसाच तळाशी होता, शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून वर आला, आणि पुढच्याच हंगामात प्रीमियर लीगचा विजेता ठरला. त्याच लेस्टरला २०२३ मध्ये खाली जावे लागले, हीही नोंद त्याखाली असावी. २०२३-२४ चा धडा आणखी वेगळा आहे: आर्थिक नियमांच्या भंगाबद्दल एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले, फेब्रुवारीत अपिलानंतर ती कपात ६ वर आली, आणि एप्रिलमध्ये आणखी २ गुण गेले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ४ गुण कापले गेले. मैदानावर ४८ गुण कमावूनही आमच्या नावावर ४० च राहिले. ज्या क्लबच्या हिशेबांची चौकशी चालू असेल, त्याच्या समर्थकाने वहीत त्यासाठीही एक रिकामी ओळ ठेवावी.

रात्रीच्या वेळा आणि आपले काम

इंग्लंडमधील घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. म्हणजे लढाई ऐन भरात येते तेव्हा वेळा आपल्याला थोड्या सोयीच्या होतात: तिकडचा दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, साडेपाचचा रात्री दहाला, आणि रात्री आठचा मात्र साडेबाराला. आठवड्याच्या मधल्या वारी होणारे सामने बहुतेक याच सुमारास सुरू होतात. तिकडे गुरुवारी होणारा सामना आपल्या दिनदर्शिकेत शुक्रवारी पडतो, ही तारखेची गफलत टाळण्यासाठी वहीत भारतीय वार आणि वेळच लिहावी.

साडेबाराचा सामना संपायला अडीच वाजतात, आणि निकाल कोणताही लागला तरी त्यानंतर तासभर झोप येत नाही. ज्यांना सकाळी सातला एमआयडीसीत पाळीवर जायचे असते किंवा पहाटे मार्केट यार्ड गाठायचे असते, त्यांनी असे सामने हंगामाच्या आरंभीच वेगळे काढून, त्यांतील खरोखर निर्णायक तेवढे जागून पाहावेत आणि उरलेले सकाळी उठून पाहावेत. जागरणाने निष्ठा सिद्ध होते असे मला वाटत नाही. दोन महिने झोप मोडून चिडचिडा झालेला माणूस शेवटच्या सामन्याला पोहोचेपर्यंत पार थकलेला असतो, आणि त्याच्याबरोबर घरचेही थकतात.

एप्रिल-मे हे आपल्याकडे वळवाचे दिवस आहेत. संध्याकाळी चारनंतर ढग दाटले, वारा सुटला, की वीज जाणार हे गृहीत धरावे. मोबाइल दुपारीच पूर्ण चार्ज करून ठेवावा, अधिकृत ॲपचे वर्गणीचे पैसे भरलेले आहेत ना हे आदल्या दिवशी पाहावे, आणि वायफाय बंद पडल्यास पुरेल इतका डेटा राखून ठेवावा. चोरून दाखवणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये. ती नेमक्या वेळी बंद पडतात आणि फोनमध्ये नको ते शिरते.

घर, मित्र आणि आपले तोंड

घरच्यांना सामना आवडत नसला तरी काय चालले आहे ते सांगून ठेवावे. "आमचा संघ खाली जाण्याच्या बेतात आहे, मे अखेरपर्यंत मी थोडा अस्वस्थ असेन, आणि अमुक चार रात्री टीव्ही मला लागेल", असे स्पष्ट बोललेले घरात समजून घेतले जाते. न सांगता केलेला धुसफुसाट कोणी का सहन करावा?

या बाबतीत माझ्याकडून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. त्या दोन हंगामांत मी शकुन-अपशकुन मानू लागलो होतो. ज्या खुर्चीवर बसून विजय पाहिला तीच खुर्ची, तोच निळा शर्ट, चहाचा तोच कप. एका सामन्यात माझी धाकटी मुलगी पाणी प्यायला खोलीत आली आणि त्याच क्षणी आमच्यावर गोल झाला. मी तिला बाहेर जायला सांगितले. त्यानंतर कित्येक दिवस सामना चालू असताना ती दारातच थांबून "बाबा, आत आलं तर चालेल का?" असे विचारत असे, आणि तो प्रश्न मला पराभवापेक्षा अधिक लागला. खुर्ची आणि शर्ट आपल्यापुरते ठेवावेत, माणसांवर शकुनाचे ओझे घालू नये. सात हजारांहून अधिक किलोमीटरवरचा चेंडू आपल्या खोलीत कोण आले याने वळत नाही, हे लहान मुलाला आपणच समजावून सांगायचे असते.

एकट्याने दोन महिने ओढण्यापेक्षा सोबत शोधावी. विश्रामबागेत किंवा मिरजेत कॉलेजची मुले रात्रीचे सामने एकत्र पाहतात. त्यांतील बहुतेक मोठ्या क्लबांचे समर्थक असतात आणि तळाच्या लढाईची धग त्यांना ठाऊक नसते. तरीही त्यांच्यात बसावे. भडंगाची परात मध्ये आली, शेंगदाणे आणि कांदा वरून पडला, की दुसऱ्याचा संघही काही काळ आपला वाटू लागतो, हा अनुभव मी घेतला आहे. ज्याने कधी आपल्या तालमीचा पैलवान मैदानात चितपट होताना पाहिला आहे, अशा वयस्क माणसाला बोलावले तर आणखी चांगले. फुटबॉलचा नियम त्याला माहीत नसेल, पण हरणाऱ्याच्या बाजूला बसणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही.

मित्रांनी चिडवले तर ऐकून घ्यावे, उत्तरात त्यांच्या संघाची उणीदुणी काढू नयेत. समाजमाध्यमांवर खेळाडूंना शिव्या घालणे सर्वथा टाळावे. पेनल्टी चुकवलेल्या तरुणाला रात्रीत हजारो अनोळखी लोकांकडून शिव्या येतात, आणि त्यांत सांगलीहून आणखी एक धाडल्याने संघाचा एकही गुण वाढत नाही. प्रशिक्षकावर टीका करावी, ती खेळावर असावी: बचावपटू किती पुढे उभे राहतात, मध्यरक्षकांकडून चेंडू का सुटतो, बदली खेळाडू सत्तराव्या मिनिटापर्यंत का थांबवून ठेवतात. अशी टीका लिहिण्यासाठी खेळ लक्षपूर्वक पाहावा लागतो आणि तेवढ्यात रागही निवतो. निकालावर पैसे लावण्याच्या भानगडीत मात्र कोणत्याही रूपाने पडू नये. जेथे मन आधीच गुंतले आहे तेथे खिसा गुंतवला की माणूस सारासार विचार गमावतो.

समर्थकाचा संघाला उपयोग होतो का, असा प्रश्न दूरच्या माणसाला पडतोच. मैदानाजवळच्या लोकांचा नक्की होतो. १ मे २०२२ रोजी चेल्सीविरुद्धच्या सामन्याआधी गुडिसन पार्क या एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर निळ्या धुराच्या लोटांत हजारो लोक उभे राहिले आणि संघाच्या बसला त्यांनी वाजतगाजत आत नेले. आमच्याकडे गणपती पाहिलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटत नाही. तो सामना एव्हर्टनने १-० असा जिंकला. आपण येथून तेवढे करू शकत नाही. आपण शक्य असल्यास क्लबचे सदस्यत्व घ्यावे, अधिकृत शर्ट घ्यावा, आणि मुख्य म्हणजे संघ हरत असताना सामना मधेच बंद करू नये.

हे शेवटचे मी १९ मे २०२२ च्या सामन्यावरून सांगतो. आपल्याकडे तेव्हा २० तारीख लागली होती, रात्रीचे सव्वाबारा वाजून गेले होते. क्रिस्टल पॅलेसने मध्यंतरापर्यंत दोन गोल केले होते. माझ्या ओळखीचे दोघे तेथेच झोपायला गेले. उत्तरार्धात मायकेल कीनने एक गोल फेडला, ७५ व्या मिनिटाला रिशार्लिसनने बरोबरी साधली, आणि ८५ व्या मिनिटाला डॉमिनिक कॅल्व्हर्ट-लुईनने डोक्याने मारलेल्या चेंडूने ३-२ असा विजय आणि प्रीमियर लीगमधील जागा दोन्ही मिळवून दिले. १९९४ मध्ये विम्बल्डनविरुद्ध शेवटच्या दिवशी एव्हर्टनने असाच ०-२ वरून ३-२ असा सामना जिंकला होता, ते मी केवळ वाचले होते. झोपलेल्या दोघांनी निकाल सकाळी वाचला. त्यांना आनंद झाला, पण त्या रात्रीबद्दल ते अजूनही फारसे बोलत नाहीत.

शेवटचा दिवस

शेवटच्या फेरीचे सर्व सामने एकाच वेळी सुरू होतात, जेणेकरून दुसऱ्याचा निकाल पाहून कोणी खेळ बदलू नये. त्यामुळे त्या दिवशी तीन-चार मैदानांचा हिशेब एकदम ठेवावा लागतो. वहीचे एक पान आडवे धरून त्यावर आदल्या रात्रीच सर्व शक्यता मांडून ठेवाव्यात: आपण जिंकलो तर, बरोबरी झाली तर, हरलो तर, आणि त्या प्रत्येकासमोर इतर संघांचे कोणते निकाल आपल्याला चालतील ते. पडद्यावर फक्त आपला सामना ठेवावा. इतर मैदानांवरील गोल सांगण्याचे काम शेजारी बसलेल्या एका शांत माणसाकडे सोपवावे, आणि त्याने केवळ निश्चित झालेले गोल सांगावेत, कारण व्हीएआरमुळे, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांमुळे, रद्द होणारे गोल जाहीर करून खोलीत उगाच हाहाकार होतो.

२८ मे २०२३ चा रविवार मी असाच काढला. त्याच संध्याकाळी अहमदाबादला आयपीएलचा अंतिम सामना व्हायचा होता आणि घरातील सर्वांना टीव्ही त्यासाठी हवा होता; तेथे पाऊस थांबेना, सामना अखेर दुसऱ्या दिवसावर गेला, आणि टीव्ही माझ्याकडे आला. सकाळी तालिकेत एव्हर्टनचे ३३, लेस्टर आणि लीड्सचे प्रत्येकी ३१ गुण होते. बोर्नमथविरुद्ध आमचे गोल होत नव्हते, आणि मध्यंतराच्या आधीच लेस्टरने वेस्ट हॅमवर गोल केला. माझ्या पानावर त्या शक्यतेपुढे लिहिले होते: दोघांचे ३४, गोलफरकात लेस्टर सरस, आपण खाली. त्या क्षणी आम्ही खाली गेलेलो होतो, आणि ते मला कोणी सांगावे लागले नाही. पान तयार नसते तर मी त्या वेळी घाबरून निरनिराळी संकेतस्थळे उघडत बसलो असतो. पान होते म्हणून एवढेच कळत होते की एक गोल हवा आहे आणि चाळीसहून अधिक मिनिटे शिल्लक आहेत. ५७ व्या मिनिटाला अब्दुलाय डुकूरेने पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून तो मारला. त्यानंतरचा वेळ फार मोठा होता. लेस्टर जिंकला, लीड्स हरला, आणि सामना १-० असा संपला तेव्हा आम्ही दोन गुणांनी तरलो.

आणि संघ खाली गेलाच तर

या शक्यतेची तयारी न करणे ही समर्थकाची सर्वांत मोठी चूक असते. पाणी धोक्याच्या पातळीकडे निघाले की आपण कागदपत्रे पोटमाळ्यावर ठेवतो. त्याने पूर येत नाही, पण आला तर काय वाचवायचे ते ठरलेले असते. तसेच येथेही. खालच्या विभागात २४ संघ असतात आणि प्रत्येकी ४६ सामने होतात, पहिले दोन संघ थेट वर येतात आणि तिसरा प्ले-ऑफमधून, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांतून, ठरतो, ही माहिती मे महिन्यातच काढून ठेवावी. कोणते खेळाडू उसने आहेत, कोणाचे करार संपत आहेत, अकादमीतील कोणती मुले पुढे येऊ शकतात, हे वाचावे. वर येण्याला एक वर्ष लागेल असे मात्र स्वतःला सांगू नये. लीड्स २००४ मध्ये खाली गेला, मध्यंतरी तिसऱ्या विभागापर्यंत घसरला, आणि त्याला परत यायला २०२० उजाडले. संडरलँड २०१७ आणि २०१८ मध्ये लागोपाठ दोन पायऱ्या खाली गेला आणि २०२५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये परतला. ल्यूटन तर २०२४ मध्ये खाली येऊन २०२५ मध्ये आणखी एक पायरी उतरला.

संडरलँडची गोष्ट मी नव्या समर्थकांना आवर्जून सांगतो. तिसऱ्या विभागात खेळत असताना २६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रॅडफर्डविरुद्धच्या त्यांच्या सामन्याला ४६,०३९ लोक आले होते. विगनची गोष्टही सांगतो: ११ मे २०१३ रोजी त्यांनी बेन वॉटसनच्या अखेरच्या क्षणीच्या गोलाने मँचेस्टर सिटीला हरवून एफए चषक ही इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, आणि तीनच दिवसांनी आर्सेनलकडून हरून ते प्रीमियर लीगमधून खाली गेले. एकाच आठवड्यात क्लबच्या इतिहासातील सर्वोच्च दिवस आणि हा दिवस, असे दोन्ही त्यांच्या समर्थकांच्या वाट्याला आले.

खाली गेल्याचे निश्चित झाले की त्या रात्री काहीही लिहू नये, कोणाला फोन करून वाद घालू नये. वहीत शेवटचा निकाल, अंतिम गुण आणि तारीख लिहावी. वाईट वाटते ते वाटू द्यावे. घरचे विचारतील, त्यांना सांगावे. नंतर आठवड्याभराने, सुट्टीच्या दिवशी, हंगामातील सर्व पाने एकदा वाचावीत, आणि गुण कोठे गेले ते शोधावे. बहुधा ते मे महिन्यात गेलेले नसतात. ऑक्टोबरमधील एखाद्या साध्या सामन्यात, ज्याकडे आपणही फारसे लक्ष दिले नव्हते, तेथे दोन गुण पडलेले सापडतात. जूनअखेरीस पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर होते. तेव्हा येथे पाऊस लागलेला असतो आणि पुन्हा आयर्विन पुलाच्या पातळीची चौकशी सुरू झालेली असते. चॅम्पियनशिपचा हंगाम प्रीमियर लीगपेक्षा थोडा लवकर, ऑगस्टच्या आरंभी सुरू होतो, तेव्हा त्याच्या आत नवी वही आणावी, पहिल्या पानावर २४ संघांची नावे लिहावीत आणि ४६ सामन्यांच्या भारतीय वेळा मांडायला घ्याव्यात.